मोकाशींचं विरजण

आमच्या शेजारचे मोकाशी स्वतःच्याच शेडचं दार वाजवून आत जातात.

म्हणजे कुलूप स्वतः काढतात, किल्ली खिशात टाकतात आणि मग बोटाच्या पेराने दारावर हलकेच टकटक करून थांबतात. मान थोडी कललेली. आतून कोणी काहीतरी म्हटल्यासारखी ती मान हलते, मग "आलो, आलो" म्हणत मोकाशी वाकून आत शिरतात. शेडमध्ये माणूस नाही, कुत्रा नाही, साधं मांजरही नाही.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या या घरात आम्ही राहायला आलो आणि मी माझं शिलाई मशीन वरच्या मागच्या खोलीत, खिडकीशी मांडलं. इथल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवणं आणि उसवणं हा माझा धंदा. त्या खिडकीतून आमचं परसदार दिसतं, मधलं लाकडी कुंपण दिसतं आणि कुंपणापलीकडे मोकाशींची शेड. त्यामुळे हा दार वाजवण्याचा प्रकार मी रोज बघत असे. नवऱ्याला, निखिलला सांगितलं, तर तो म्हणाला, "आत भाडेकरू ठेवला असेल. इथे घरांची टंचाई आहेच."

मोकाशी मूळचे नाशिकचे. साठीला टेकलेले, उंच, काटकुळे. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतात, तेही घरून. लग्न केलेलं नाही. "राहून गेलं," असं ते सांगतात, येताना दूध आणायचं राहून गेलं अशा सुरात. बोलतात इतकं हळू की समोरच्यालाही आपोआप कुजबुजावं लागतं. पहिल्या भेटीत मी नेहमीच्या आवाजात "नमस्कार, आम्ही नवे शेजारी" म्हणाले, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू, ताई. माती झोपलीये."

मी बरं म्हणाले. परदेशात मराठी शेजारी मिळाला की माणूस बरंच काही चालवून घेतो.

पुढे कळत गेलं की त्यांची माती नुसती झोपत नाही. ती उपाशी असते, रुसते, कधी तिला कणकण असते. बागेच्या दुकानातून पिशवी आणायची, रोप लावायचं आणि मोसम संपला की ती माती टाकून नवी आणायची, ही इथली रीत त्यांना अघोरी वाटते. "माती टाकायची नसते हो. विरजायची असते. जुनीतली थोडी नवीत घातली की नवी लागते. दह्यासारखी." केळीची सालं, भाजीची देठं, वाळकी पानं, समुद्रावरच्या शिंपल्यांचा चुरा, गांडुळं, नाशिकहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कोंबलेली निंबोळी पेंड: सगळं त्या विरजणाला लागतं. मंडळाच्या गणपतीत लोक मोदकांभोवती घोटाळत असतात, तेव्हा मोकाशी निर्माल्याच्या टोपलीशी उभे असतात. विसर्जनानंतर सगळी फुलं आणि दूर्वा सायकलच्या पिशव्यांत भरून घेऊन जातात. मंडळात त्यांना फार मान आहे. इतका श्रद्धाळू माणूस दुसरा नाही म्हणतात.

त्या मातीत काय उगवतं हे मंडळाला माहीत नाही. आम्हाला उन्हाळा सरताना कळलं, वासावरून. गांजा. शेडच्या आडोशाला चारच झाडं, म्हणजे इथले पोलीस ज्याकडे काणाडोळा करतात त्या हिशेबात बसणारी, पण पुरुषभर उंच. ज्या माणसाला चहाने झोप येत नाही आणि सुपारीने चक्कर येते, तो माणूस गांजा लावतो! निखिलला हसू आवरेना. "गणपतीचं निर्माल्य शेवटी वडिलांकडेच जातं म्हणायचं," तो म्हणाला.

मी एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही ओढता?"

"छे!"

"मग विकता?"

त्यांचा चेहरा इतका दुखावला की मला ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी मला शेड दाखवली. अर्थात, दार वाजवून. मीही नकळत त्यांच्याबरोबर थांबले. आतून काहीच आवाज आला नाही, पण मोकाशींची मान हलली.

आत उबदार अंधार होता आणि जंगलात ओल्या पानांखाली येतो तसा वास. कापडाच्या मोठाल्या पिशव्या, काठोकाठ मातीने भरलेल्या, वर गवताची पांघरुणं. त्यांनी एक पांघरूण बाजूला केलं. खाली मातीभर पांढरे बारीक धागे पसरले होते, म्हाताऱ्या बाईने केस मोकळे सोडावेत तसे. "बुरशी," ते कौतुकाने म्हणाले. "ही एका मुळाचं दुसऱ्याला सांगते." कान दिला तर मातीतून आवाज येत होता. बारीक, ओला, चुटपुट चुटपुट. गांडुळं, हे मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला.

"हात घाला."

मी घातला. बाहेर स्वेटरची थंडी होती आणि माती ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम होती. बोटांना काहीतरी नाजूकपणे चाचपून गेलं. मी हात ओढून घेतला.

"ओळख करून घेते," मोकाशी म्हणाले.

आणि झाडांचं काय होतं तेही मी पाहिलं. तयार झालेली फुलं, पानं, खोडं, सगळं ते कात्रीने बारीक चिरत होते आणि परत त्याच मातीत मिसळत होते. ज्याच्यासाठी लोक इथे दुकानांबाहेर रांगा लावतात, ते सगळं गांडुळांना.

"मग लावायचंच कशाला?"

"मूळ नसलं की माती मरते, ताई. आणि हिला याच मुळांची सवय आहे."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आवाज ऐकू आला तो नोव्हेंबरात.

इथला नोव्हेंबर म्हणजे दुपारीच दिवे लावायचे. धुकं कुंपणापर्यंत येऊन उभं राहतं. मी परसात वाळत घातलेले कपडे काढत होते, जे अर्थातच वाळले नव्हते. शेडमधून मोकाशी मराठीत बोलताना ऐकू आले, नेहमीसारखे हळू. बँकेतल्या कुठल्याशा मीटिंगबद्दल काहीतरी. मग ते थांबले. आणि दुसरा आवाज आला.

जाड, घोगरा, अस्सल टिलबर्गी डच. शिव्यांसकट. एक मोठं वाक्य, मग खोकला, मग हसणं. त्यावर मोकाशी मराठीत काहीतरी म्हणाले. परत तो आवाज.

मी कपडे छातीशी धरून तशीच उभी. शेडचं दार खूप वेळाने उघडलं आणि मोकाशी एकटे बाहेर आले. वळून आत बघत "हौदू" म्हणाले, इकडचे लोक निरोप घेताना म्हणतात तसं, आणि कुलूप लावलं.

निखिलला वाटलं, फोन असेल. दुसऱ्या दिवशी तोही माझ्याबरोबर कुंपणाशी उभा राहिला आणि त्यानंतर फोनबद्दल काही बोलला नाही.

मागच्या बोळापलीकडे रिया राहते. नाव आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलीसारखं, वय ऐंशीच्या घरात, जन्म याच गल्लीतला. मी तिला विचारलं, मोकाशींकडे कोण येतं? तो जाडा आवाज कोणाचा?

रियाने हातातला कप बशीत ठेवला. "तूही ऐकलास," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच ऐकू येतो. तो योस आहे."

"कोण योस?"

"तुमच्या घरात राहायचा तो. तुमच्या पुढच्या खोलीतच गेला."

घर घेताना भिंतीतली ओल, छपराचं वय, गटाराचा उतार, सगळं सांगितलं होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं. निखिलने त्या संध्याकाळी पुढच्या खोलीतला सोफा उगाचच दुसऱ्या भिंतीला सरकवला. आम्ही दोघं शिकलेली माणसं, त्यामुळे भुताबद्दल काही बोललो नाही. फक्त दिवे चालू ठेवले.

मग कडाक्याची थंडी पडली आणि आमच्या परसात आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी सगळीकडे पांढरं दव गोठलेलं. गवत, कुंपण, खुर्च्या, सगळं पांढरं. फक्त कुंपणालगतच्या कोपऱ्यात, कुजक्या पानांचा एक ढीग होता तिथे, काळी ओली जागा. त्यातून वाफ निघत होती. हळूहळू, कोणीतरी खाली झोपून श्वास सोडत असल्यासारखी.

"बस झालं," निखिल म्हणाला. "सगळं फरसबंद करून टाकू." फरशीवाल्याला सोमवारची वेळही दिली.

शनिवारी दुपारी पुढच्या दाराची बेल वाजली. मोकाशी. आमच्या पुढच्या दाराशी ते पहिल्यांदाच आले होते. बूट बाहेर काढले, मोज्यांवर आत आले आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. सोफा होता त्या जुन्या जागेकडे बघत राहिले.

"तुम्ही फरशी घालताय असं कळलं," ते म्हणाले. "तो कोपरा सोडता येईल का?"

"का?" निखिल जरा फटकळपणे म्हणाला. "काय आहे त्या कोपऱ्यात?"

"विरजण."

मी चहा ठेवला, त्यांच्यासाठी गरम पाणी. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि नेहमीच्या त्या कुजबुजत्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं.

योस ट्रक चालवायचा. मग त्याला नसांचा आजार झाला, हातपाय आखडायचे, ट्रक सुटला. वेदनेसाठी तो गांजा ओढायचा, आणि दुकानातला आवडत नाही म्हणून स्वतः लावायचा. एके दिवशी कुंपणावरून मोकाशींना हाक मारून म्हणाला, तुझे हात रिकामे आहेत का? मोकाशींचे हात रिकामेच होते. ऑफिसातले लोक सोडले तर त्यांच्याशी आठवडाभर कोणी बोलत नसे. मग योस खुर्चीत बसायचा आणि हे माती कालवायचे. योस सांगायचा, अजून ओली कर, अजून पानं घाल, मुठीत दाबून बघ. डच ते तिथेच शिकले. म्हणून तर खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात ते अगदी अदबीने बोलायला लागले की खिडकीपलीकडची बाई लाल होते. कुठले शब्द सभ्य आणि कुठले ट्रकवाल्यांचे, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

"हात पार गेले तेव्हा मीच भरवायचो त्याला," मोकाशी म्हणाले. "वरण-भात आवडायचा. तूप जास्त."

तो गेल्यावर त्याची बहीण आली, दूरच्या गावाहून. एका दिवसात घर रिकामं केलं. तिचं काही चुकलं नाही, ते म्हणाले, तिला काय माहीत. अंत्यविधीला ते मागच्या रांगेत उभे होते. तिथे कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? "शेजारी, म्हणालो. दुसरं काय सांगणार?" त्या रात्री घर बंद व्हायच्या आत त्यांनी बादलीबादलीने माती कुंपणावरून आपल्याकडे नेली. कोपऱ्यातला ढीग तेवढा राहिला.

"मग तोही घेऊन जा," निखिल म्हणाला. आता त्याचाही आवाज खाली आला होता. "मी मदत करतो."

"नेता येतो. पण हलवली की माती थोडी मरते. धागे तुटतात. मी एकदा हलवली आहे." ते पाण्याच्या कपाकडे बघत राहिले. "परत नको वाटतं."

मग मीच विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला त्या घरात झोप लागली नसती.

"आणि तो आवाज?"

मोकाशी कानापर्यंत लाल झाले.

"मीच काढतो," ते म्हणाले. "त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. आवाज नाही. तो गेल्यावर एके दिवशी एकदम लक्षात आलं की मी तो विसरायला लागलोय. म्हणून रोज काढून बघतो. माझं मी बोलतो, मग तो काय म्हणाला असता ते. शब्द जमतात. शिव्याही जमतात. हसणं जमत नाही."

सोमवारी फरशीवाला आला. एक कोपरा तिरका सोडायचा म्हटल्यावर त्याने खांदे उडवले, पण सोडला.

रियाला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिची भीती जाईल, ती हसेल. ती हसली नाही. खिडकीतून बोळाकडे बघत बसली. मग उठून कोट चढवला, टोपी घातली आणि माझा दंड धरला. बाहेर दुपारचाच काळोख होता. आम्ही बोळातून मोकाशींच्या शेडपाशी गेलो. आतून तो आवाज येत होता. वाक्य, शिवी, खोकला. मग हसणं.

रियाने दार ढकललं. मोकाशी गुडघ्यांवर बसले होते, मनगटापर्यंत हात मातीत. चोरी पकडल्यासारखे ते आमच्याकडे बघत राहिले.

"असा नाही हसायचा तो," रिया म्हणाली. "आधी श्वास आत ओढायचा. बुडणाऱ्या माणसासारखा. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, बाई त्याला त्यासाठी बाहेर काढायच्या."

आणि तिने हसून दाखवलं.

मी योसला कधी पाहिलं नाही. पण त्या चिमुकल्या म्हातारीच्या गळ्यातून एक मोठ्या छातीचा माणूस हसला, एवढं मी सांगू शकते. मोकाशींचे मातीतले हात थांबले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, जसं कोणी गाण्याची हरवलेली ओळ जुळवतं तसं.

"अजून एकदा," ते डचमध्ये म्हणाले. त्या वेळी मात्र शिवीशिवाय.

रियाने एक उलटा क्रेट ओढला, त्यावरची माती हाताने झटकली आणि बसली. मी बाहेर आले आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. बोळात धुकं होतं. माझ्या मागे शेडमध्ये कोणीतरी श्वास आत ओढला आणि हसलं, मग परत हसलं. रिया होती की मोकाशी, मला बाहेरून ओळखता आलं नाही.