हिंदुरावांच्या पाठीची माती

हिंदुराव चव्हाणांच्या कुस्ती कंपनीतली तांबडी माती ठरवून पडलेल्या पैलवानाच्या पाठीला चिकटत नसे.

आधी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण कंपनीचे खेळ झगमगत्या दिव्यांखाली मॅटवर व्हायचे आणि कोण जिंकणार ते हिंदुराव चहा पिताना ठरवायचे. पण गावोगावची माणसं मॅटला नाकं मुरडू लागली. मग हिंदुरावांनी आपल्या जुन्या तालमीतली माती ट्रकभर आणवली आणि ताक, हळद, तेल घालून मळून घेतली. पहिल्याच खेळात सुभान मुलाणी ठरल्याप्रमाणे चीत झाला आणि स्वच्छ पाठीनं उठला.

"पाठीला माती नाही, म्हणजे कुस्ती निकाली नाही," पंच म्हणाले. नियम तसाच होता. सुभान पुन्हा पडला, पुन्हा कोरा उठला. कितीही आपटा, हरत नाही असा पैलवान बघायला टेम्पो भरभरून माणसं येऊ लागली. कंपनीनं नवा तंबू शिवला.

विट्याच्या मैदानात मात्र कुस्ती दुसऱ्या दिवशीही संपेना. लोक जांभया देऊन थकले आणि खुर्च्या आपटू लागले. हिंदुराव आखाड्याभोवती नुसत्या येरझाऱ्या घालत होते. धड बसवत नव्हतं, धड उभं राहवत नव्हतं. कंपनी बुडाली तर मागे उरणार होती एकच मिजास: उभ्या आयुष्यात त्यांच्या पाठीला माती लागली नव्हती.

"मालक, पडून पडून कंटाळा आलाय," सुभान म्हणाला. "एकदा खरं लढू द्या की."

"कुणाशी? सगळे आपलेच पगारी."

सुभाननं मालकांपुढेच सलामीचा हात केला. हिंदुरावांनी सदरा काढला.

"हयगय केलीस तर कामावरनं काढीन."

साठीतले हिंदुराव जीव तोडून लढले. सुभाननं त्यांना ढाक लावली आणि ते पडले. उठले, तेव्हा आखाड्यातली सगळी माती त्यांच्या पाठीला होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. पंचांनी कंपनीच्या आजवरच्या सगळ्या कुस्त्या निकाली झाल्याचं जाहीर केलं. हिंदुरावांना रडू आलं, आणि बरंही वाटलं.

लोक तृप्त होऊन घरी गेले. पुढच्या ठरवलेल्या खेळाला कुणी फिरकलं नाही. तंबू विकून हिंदुराव सुभानबरोबर एस.टी.त बसले. कंडक्टरनं मातीचं लगेज तिकीट फाडलं.

हिंदुराव सीटच्या कडेला ताठ बसून होते.

"टेका की मालक. लांब जायचंय."

"नको," हिंदुराव म्हणाले. "सांडंल."