मामीच्या बाजूचं दार

माझ्या मामानं एकदा मिरजगावहून जीपचं दार एसटीनं नगरला आणलं होतं. जीप नाही, नुसतं दार. गोधडीत गुंडाळलेलं, वरून सुतळीनं आवळलेलं. कंडक्टरनं घाबरत विचारलं, "काका, आत काय आहे?" मामा म्हणाला, "डावं दार हाय. उजवं घरीच हाय." कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. गर्दीत दाराला पोचा पडू नये म्हणून मामानं ते सीटवर ठेवलं आणि स्वतः नगरपर्यंत उभा राहून आला.

मी सावेडीत राहते. माझ्या फाटकासमोर रिक्षा थांबली, तिच्यातून आधी दार उतरलं, मग मामा. शेजारच्या काकू पाहुणे बघायला बाहेर आल्या आणि दार बघून तशाच आत गेल्या.

"अरे मामा, हे काय सोंग आणलंस?"

"जीपचं इंजिन उतरवलंय, जीप कशी आनू? आन स्पीकर दारात बसनार. दार बगितल्याबिगर दुकानदार अँप कसा निवडल?"

हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की वेडी मीच ठरले.

अँप म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, एवढं मलाही कळत होतं. पण मामाचा खरा जीव होता क्रॉसओव्हरवर. तळहातावर मावेल एवढी ती डबी. तिचं काम तो माझ्या स्वयंपाकघरात पिठाची चाळणी हातात घेऊन समजावून सांगायचा. "पीठ चाळतो का न्हाई आपन? तसा आवाज चाळायचा. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज बारक्याला. चाळन चुकली का सगळा इस्कोट!" पुढं पुढं तो माणसांनाही हेच माप लावायला लागला. तोंडाळ व्याह्याबद्दल म्हणायचा, "त्याला चाळन न्हाई. जाड-बारीक सगळं एकाच भोंग्यातनं." माझ्या नवऱ्याबद्दल त्याचं मत असं, की जावई मनानं लई चांगला, पण अँप बारका. नवऱ्यानं ते अजून मनाला लावून घेतलंय.

दार घेऊन आम्ही दुकानात गेलो. मी मागची बाजू धरली होती, काय करणार! दुकानदार हुशार होता. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाली पोरं नेतात तो भला मोठा अँप त्यानं काउंटरवर ठेवला. हे ट्रॅक्टर रस्त्यानं गेले की घरातली भांडी फळीवरून खाली येतात. दुकानदार म्हणाला, "काका, हा लावा. अख्खं गाव ऐकेल."

"गावाला नगं ऐकवायचं," मामा म्हणाला. "एकीलाच ऐकवायचंय."

ही एकी म्हणजे माझी मामी.

मामा पूर्वी याच जीपमधून मिरजगाव ते नगर प्रवासी न्यायचा. बाजाराच्या दिवशी मामी लिंबांच्या पाट्या घेऊन पुढं डावीकडे बसायची. जीपमध्ये खरखरणारा टेप आणि एकच स्पीकर. घरी सासूसासऱ्यांपुढं मामीला मोठ्यानं हसायचीही चोरी, गाणं कुठलं म्हणणार! पण गाव मागं पडलं की ती टेपबरोबर गुणगुणायला लागायची. सुट्टीत मीही मागं कोंबलेली असायचे. काय गळा होता हो! भांडणारी माणसं गप्प व्हायची. जीपभर लिंबांचा वास, खिडकीतून फुफाटा आणि मामीचा तो बारीक, गोड आवाज. मला आजही लिंबू चिरताना ते ऐकू येतं आणि उगाच डोळे भरतात. मामा तर म्हणायचा, "टेप आपला नुसता निमित्ताला हाय."

सासूसासरे गेले, लिंबांची बागही पाण्यावाचून गेली. जीप तेवढी राहिली. आणि अलीकडे मामीचं गुणगुणणं बंद झालं. रुसली असेल म्हणून मामानं आधी साडी आणली, मग माफी मागितली. कशाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की मामीच्या कानांना जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. गाडीची घरघर कळते, गाण्यातले शब्द कळत नाहीत. कानाचं मशीन दिलं, तर ती म्हणाली, "हे लावून ताट ठेवलं तरी डोक्यात कुनी घन घातल्यावानी वाटतंय." मशीन कपाटात गेलं.

आणि मामा क्रॉसओव्हरच्या मागं लागला. त्याचा हिशेब साधा होता. हिला बारीक आवाज कमी येतो, तर चाळणीतून बारीकच जास्त सोडायचा, आणि सगळा हिच्याच दारात. मामीनं जीपमध्ये एकदा पुन्हा गुणगुणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो डब्या बदलत राहिला. एक आणायचा, बसवायचा, मग गाडीच्या पुढच्या फळीवर शेंगदाणे पसरून गाणं लावायचा. शेंगदाणे नाचले म्हणजे जाड आवाज जास्त झाला. मग डबी परत. नापास झालेले शेंगदाणे मामा तिथंच बसून खायचा.

जीपची मात्र दशा झाली. डाव्या दारातून असा कर्कश आवाज यायचा की कुत्री उठून जायची. माझा मामेभाऊ बापाला म्हणाला, "दादा, स्पीकर फाटलाय, लोक हसत्यात." मामा म्हणाला, "हसू दे. तुझ्यासाठी न्हाई तो."

मागच्या महिन्यात पारनेरला एका साखरपुड्याला आम्ही तिघं त्याच जीपमधून गेलो. नवी डबी बसवली होती. येताना मामानं गाणं लावलं. मी मागं कानात पदराचे बोळे कोंबून बसले. मामाचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच, सारखं मामीच्या ओठांकडं.

"मामा, पुढं बघ, मारशील आम्हाला!"

मामीनं माझ्याकडं वळून पाहिलं, मग मामाकडं. त्याचा तो परीक्षेला बसल्यासारखा चेहरा तिला दिसला. तिनं पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं आणि गुणगुणायला लागली.

मामानं स्टिअरिंगवर थाप मारली. "लागली! चाळन लागली बग!"

मलाही हुंदका आला. पण जरा वेळानं मी कानातले बोळे काढले आणि चरकले. दारातून वाजत होतं एक गाणं आणि मामी म्हणत होती भलतंच, लिंबांच्या दिवसांतलं. तिला त्या दारातलं काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. मामाला बरं वाटावं म्हणून माझी मामी आठवून आठवून गात होती.

वाटलं, मामाला कळलं नाही तर बरं. पण इतके दिवस आवाज चाळत बसलेल्या माणसाला ते कळायचं राहील होय? त्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग हात पुढं करून त्यानं अँपचं बटण बंद केलं.

दार गप्प झालं. मामीला त्याचा पत्ताच नव्हता. तिचं गुणगुणणं चालूच होतं. आवाज थोडा चिरकला होता, सूर मधेच घसरत होता, पण तीच होती ती.

मी पुढं वाकले. "मामा..."

"गप," तो म्हणाला. डोळे भरले होते, तरी हसत होता. "ऐक की जरा."

मग त्यानं जीप अगदी सावकाश घेतली. मागची वाहनं हॉर्न वाजवत पुढं जात राहिली.