चावण्याची सवय असल्यास

"अहो, ते स्टूल सोडा आता. सकाळपासून पाय घासताय त्याचे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डुगडुगतंय."

"तुम्ही घासायला घेतलंत तेव्हापासून डुगडुगतंय."

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या आणि स्टुलाशी झटणारे गृहस्थ हे त्यांचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातापायांना चैन म्हणून नव्हती. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले होते, घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजून झालं होतं, आणि दाराची घंटा खोलून परत जोडल्यावर ती दिवा लावला की वाजू लागली होती. तेव्हा बाईंनी हात जोडून सांगितलं, "काय करायचं ते करा, पण घरात करू नका." म्हणून ते दवाखान्यात यायला लागले. तिथे सगळे त्यांना साहेब म्हणत. काम मात्र कुणी सांगत नसे.

त्याच दुपारी मोबाइलवर एक जाहिरात आली : 'एक ओळही कोड न लिहिता स्वतःचं वेब अ‍ॅप बनवा!' साहेब ताडकन उठले. स्टूल आडवं झालं.

दवाखान्यात जनावरांची कार्डं खोक्यांत भरून ठेवलेली असत. लसीची तारीख उलटून गेली तरी कुणाला आठवण जात नसे. मदतीला असलेल्या मावशींनी एका हाताने कुत्रं धरायचं की दुसऱ्या हाताने फोन लावायचा? साहेबांनी खोकी काढली आणि चार दिवस त्यातच घातले. ते प्रकरण खरोखरच सोपं होतं. पडद्यावर चौकोन ओढायचे, बटणं सोडायची. डेटाबेसमध्ये एक तक्ता मालकांचा, एक जनावरांचा, आणि दोघांना जोडणारी एक रेघ. संदेशाचा मजकूर एकदाच लिहायचा आणि मोकळ्या जागांत कोणत्या तक्त्यातलं काय भरायचं ते सांगायचं. बाकी अ‍ॅप बघून घेतं.

डॉक्टरबाईंना जनावरांची नावं तोंडपाठ, माणसांची मात्र लक्षात राहत नसत. त्यामुळे कार्डांवर मालकाच्या जागी 'वकीलसाहेब', 'सलूनवाले', 'गाण्याच्या बाई' असंच लिहिलेलं होतं. साहेबांनी ते, कार्डावरच्या बाईंच्या सूचनांसकट, जसंच्या तसं उतरवलं. दोन्ही तक्त्यांत पहिल्या रकान्याला त्यांनी 'नाव' असं नाव दिलं. मजकूर जुळवताना यादीत दोन 'नाव' दिसली, एक वर, एक खाली. मालक मोठे, म्हणून वरचं मालकाचं, असं धरून ते पुढे गेले.

चाचणी घेतल्याशिवाय पाठवण्याइतके ते उतावळे नव्हते. पण घरात जनावर नव्हतं. तेव्हा मालकाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं 'मी', आणि जनावराच्या नावापुढेही 'मी'. संदेश आला : 'प्रिय मी, आपले मी यांना तपासणीसाठी घेऊन यावे.' एका अक्षराची चूक नाही! साहेबांनी 'सर्वांना पाठवा' हे बटण दाबलं आणि हात चोळत येरझाऱ्या घालू लागले. आज बायको काहीतरी चांगलं बोलणार होती.

पहिला फोन वकीलसाहेबांचा आला.

"हा काय चावटपणा आहे?"

"का? काय झालं?"

"ऐका. 'प्रिय कर्नल, आपले वकीलसाहेब यांचे वजन प्रमाणाबाहेर वाढले आहे. आहार निम्मा करावा. पट्टा घालून दिवसातून दोनदा फिरवावे. उद्या सकाळी दहा वाजता तपासणीसाठी आणावे. चावण्याची सवय असल्यास तोंडाला जाळी बांधावी.' कर्नल माझा कुत्रा आहे, साहेब! आणि तुमच्याकडे नंबर दिलाय माझ्या बायकोचा. तिने हे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. माझ्या पुढ्यातलं ताट उचललं!"

साहेबांनी 'बघतो, बघतो' म्हणून सुटका करून घेतली. फोन ठेवतात तोच पुढचा वाजला. सलूनवाल्याच्या बोक्याला, म्हणजे गबरूला, संदेश गेला होता की आपले सलूनवाले रोज भिंतीवरून उड्या मारून शेजारी जातात, तरी त्यांची नसबंदी करून घ्यावी आणि उपाशीपोटी आणावे.

"साहेब, बायको विचारतेय, शेजारी म्हणजे नेमकं कुणाकडे!"

मग एकामागून एक फोन. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत "सर्व्हर, सर्व्हरचा घोळ आहे" म्हणत राहिले.

फोन जरा थांबले तसे ते दुरुस्तीला बसले. वरचं नाव जनावराचं निघालं होतं तर! मग त्यांनी मालकांचा तक्ताच ओढून वर आणला. शिवाय पुन्हा घोटाळा नको म्हणून नव्या मजकुरात या खेपेला मालकासाठी खालचं 'नाव' निवडलं. दोन्ही दुरुस्त्या आपापल्या जागी बरोबर होत्या. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी एकमेकींना खाऊन टाकलं. माफीचा संदेश सगळ्यांना गेला तो असा : 'प्रिय कर्नल, सदर सूचना आपल्यासाठी नसून फक्त आपल्या वकीलसाहेबांसाठी होत्या. कृपया गैरसमज नसावा.'

त्यानंतर साहेबांनी फोन बंद केला आणि उशीखाली ठेवला.

"काय झालंय तुम्हाला?" संध्याकाळी डॉक्टरबाईंनी विचारलं. "दोनदा चहा केलात आणि दोन्ही वेळा ओतून टाकलात."

"काही नाही. अगं, उद्या सकाळी गर्दी आहे का तुला?"

"गर्दी कसली? दहाला एक ऑपरेशन आहे. कुत्र्याने मोजा गिळलाय. बाहेर टाचणी पडल्याचाही आवाज नकोय मला. तेवढं बघाल?"

त्यांनी पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. साहेब तिसऱ्यांदा चहा ठेवायला उठले.

सकाळी दहाला ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं आणि दवाखान्याचं उघडलं. साहेबांनी मजकुरात दहाची वेळ एकदाच लिहिली होती, ती सगळ्यांना सारखी गेली होती. कुत्री, मांजरं, एक पोपट आणि तणतणणारे मालक अशी अख्खी वरात आत शिरली.

"हळू! आत ऑपरेशन चालू आहे!" साहेब दोन्ही हात पसरून कुजबुजले.

"मी पहाटेपासून कर्कश ओरडते?" गाण्याच्या बाईंनी वरच्या पट्टीत विचारलं. "पिंजऱ्यावर जाड कापड टाकावे म्हणे! सासूबाईंनी खरोखर चादर आणून दिली मला!"

"बाई, ते पोपटाबद्दल होतं हो."

"मग दुसऱ्या मेसेजमध्ये पोपटाबद्दल नाही असं स्पष्ट लिहिलंय, ते?"

सलूनवाल्याला त्याच्या बायकोने दंडाला धरून आणलं होतं. "अगं, तो बोका जातो भिंतीवरून!" तो काकुळतीला आला होता. "बोक्याचं नाव पुढे करू नका," ती म्हणाली. "साहेब, उपाशीपोटी आणलाय बघा."

इतक्यात वकीलसाहेब घुसले. मागे त्यांची बायको. "नोटीस पाठवणार आहे मी! अब्रूनुकसानीची!"

"पाठवा हो," बायको म्हणाली, "पण आधी त्या काट्यावर उभे राहा. मी किती वर्षं सांगतेय, वजन करा, वजन करा."

"हा कुत्र्यांचा काटा आहे!"

"मोठ्या कुत्र्यांचा आहे. पेलेल."

वकीलसाहेबांचा आवाज चढला, कुत्र्यांनी त्यात आपला मिसळला, पोपटाने शिट्टी मारली. साहेब घामाघूम होऊन एकेकापुढे हात जोडत फिरत होते. तेवढ्यात आतून डॉक्टरबाई आनंदाने ओरडल्या, "मोजा!"

बाहेर सगळं चिडीचूप झालं.

"ऐकलंत?" वकिलांची बायको म्हणाली. "आता डॉक्टरबाईसुद्धा सांगतायत, मोजा."

वकीलसाहेबांनी बंद दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मुकाट्याने काट्यावर चढले. आकडा दिसला तसा त्यांचा आवाज बसला. ते उतरताहेत तोच सलूनवाल्याची बायको म्हणाली, "आता आमच्या यांना." मग गाण्याच्या बाई पोपटासकट चढल्या आणि पोपटाचं वजन वजा करा म्हणाल्या. साहेबांना उसंत म्हणून राहिली नाही. आकडे लिही, चिठ्ठी फाड, पुढच्याला बोलव. बघता बघता रांग लागली, आणि रांगेत आवाज नव्हता.

दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या. हातातल्या चिमट्यात लोंबणारा मोजा घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी रांग पाहिली, काटा पाहिला, मान वर न करता लिहिणारा नवरा पाहिला.

"मोजा निघाला आणि मग टाके घालेपर्यंत टाचणीचासुद्धा आवाज आला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कसं जमवलंत?"

साहेबांनी घाम पुसला आणि पुढची चिठ्ठी फाडली. पाय जागच्या जागी होते हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सगळे पांगल्यावर वकीलसाहेब घुटमळत मागे राहिले. बायको दाराबाहेर गेल्याची खात्री करून ते साहेबांच्या कानाशी वाकले.

"पुढची तारीख कोणती देताय?"

"कर्नलसाठी?"

"कर्नलला काय धाड भरलीय?" वकीलसाहेब पोट आत घेत म्हणाले. "तो ठणठणीत आहे."