लिंबाचं झाड, सलग

श्रेणिक नव्या माध्यमांतला कलावंत होता. म्हणजे नेमका कोण, हे कुंभार पिंपळगावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण "माझी फिल्म लोकांना खिळवून ठेवणार!" असं तो छातीठोकपणे सांगायचा. कापड दुकानाच्या गादीवर बसून ते ऐकताना वडील, शांतिलालशेठ, विटून गेले होते. शेवटी त्यांनी अट घातली.

"गावाला दाखव. लोक शेवटपर्यंत बसले तर कॅमेरा तुझा. उठून गेले तर उद्यापासून मुकाट दुकानात. मंजूर?"

"बिलकुल!"

पारावर पडदा लागला, गाव जमलं. माहितीपटात होतं गावातल्या बद्रीनाथच्या शेताच्या बांधावरचं लिंबाचं झाड. नुसतं झाड! निवेदन नाही, संगीत नाही. कॅमेरा तुरीच्या पिकात उभा करून श्रेणिक स्वतः घरी जेवायला गेला होता. काळ कसा थबकतो, ते म्हणे यातून कळणार होतं.

लोकांना लगेच कळलं. पोरं पांगली, बाया उठल्या. "अटकलंय का काय हे?" कुणीतरी विचारलं. शेठ समाधानानं दुकानाच्या किल्ल्या कुरवाळू लागले. श्रेणिक उठणाऱ्यांना हात जोडून बसवू लागला.

तेवढ्यात बद्रीनाथ ओरडला, "थांबा! त्या कोपऱ्यात कोण हाय?"

पडद्यावर झाडामागून शेजारच्या वावराचा मालक भागवत आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हद्दीचा दगड उपटला आणि बद्रीनाथच्या शेतात चांगला आत नेऊन रोवला! श्रेणिकनं ही फिल्म कितीदा तरी पाहिली होती, पण कलेच्या नादात झाडापलीकडं त्याची नजरच गेली नव्हती.

"मागं घे! पुन्हा दाखव!" गेलेले धावत परत आले.

"मी तं दगड सरळ करून राह्यलो व्हतो!" भागवत म्हणाला.

"सरळ करायला माझ्या तुरीत आणला का रे?"

फिल्म पुन्हा लागली, मग आणखी एकदा. कुणाची पापणी लवेना. अखेर सगळ्यांसमोर भागवतनं दगड परत न्यायचं कबूल केलं आणि बद्रीनाथनं श्रेणिकला खांद्यावर उचललं. श्रेणिकला भरून आलं. गावानं त्याची कला शेवटपर्यंत पाहिली होती!

शेठनी पोराला मिठी मारली. "जिंकलास बेटा! तुझ्या धंद्याला मी उगाच नावं ठेवली."

सकाळी दुकानाशेजारच्या गाळ्यावर पाटी झळकली: 'श्रेणिक सीसीटीव्ही. विक्री, फिटिंग व दुरुस्ती.'

पहिलं गिऱ्हाईक आलं ते भागवत.

"जल्दी एक कॅमेरा लाव माझ्या वावरात," तो कळवळून म्हणाला. "शेजाऱ्यायचा भरोसाच न्हाई राह्यला!"