गच्चीवरचा ग्रह

आमच्या विचुंब्याच्या बिल्डिंगीत हुसेन मास्तर गच्चीवर ग्रह वाळत घालतात, माझ्या पापडांच्या शेजारी. ओल्या मातीचा गोळा. तासातासाला तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा, किती घटला ते बघायचं आणि मान हलवायची. विचारलं तर म्हणतात, "भाबी, गोष्ट खोटी असली तरी शास्त्राला धरून पाहिजे."

गोष्ट त्यांचीच. एक ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ, की तारा आपल्या उन्हानं त्याला रोज थोडा थोडा कुरतडतो. मुलगा आरिफ लहान असताना त्याला झोपवायला रचलेली. आता आरिफ चाळिशीचा, कतारला इंजिनिअर. आई वारल्यावर घर विकण्यावरून बापलेकांचं बिनसलं. तेव्हापासून तो फक्त शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर फोन करतो आणि फक्त त्या ग्रहाच्या चुका काढतो. तब्येत नाही, जेवण नाही. ग्रह.

मागच्या शुक्रवारी तो म्हणाला, "अब्बा, इतकी वर्षं तारा खातोय, तर ग्रह केव्हाच संपला असता. पटेल असं उत्तर नसेल तर हा विषय बंद करू."

विषय बंद म्हणजे फोन बंद. मास्तरांना ते कळत होतं, मलाही. आठवडाभर ते धड झोपले नाहीत. वॉचमनला जिन्यात अडवून विचारायचे, "तुला काय वाटतं, संपेल?"

तो म्हणायचा, "नाही सर, टाकी फुल आहे."

या शुक्रवारी मी पापड उचलायला गेले, तर गोळ्याला तडे गेलेले आणि मास्तर त्याच्यापुढे उकिडवे बसलेले. म्हणाले, "दहा मिनिटं राहिली, भाबी. माझ्याकडे उत्तर नाही."

मी चौथी शिकलेली. पण लग्नाआधी बापाच्या मिठागरात राबले होते. म्हटलं, "मास्तर, एवढं शिकून उपयोग काय? मिठागरातलं पाणी पयलं भराभर उडतं. मग जसं खारट व्हतं तसं हळू आटतं. शेवटाला मीठ. त्याच्यावर कितीबी ऊन पडू द्या, मीठ उडतं का?"

मास्तर ताडकन उठले. "म्हणजे हलकं आधी जातं. जड मागे राहतं."

"तंच सांगतेय मी."

फोन आला. मास्तरांनी स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं, मिठागरासकट.

"पटलं, अब्बा," आरिफ म्हणाला. "अगदी बरोबर आहे. मग... ठेवू?"

मास्तरांचा चेहरा उतरला. जिंकून बसले होते आणि बोलायला काही उरलं नव्हतं.

"थांब, ऐक," ते घाईनं म्हणाले. "आता तिथले कोळी समुद्रात जाळी टाकायला निघाले."

"समुद्र? आत्ताच तर सगळं उडालं म्हणालात."

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्यापुढे हात जोडले. चूक ऐकून गप्प बसणारी मी नाही. बसले.

"बघून सांगतो," मास्तर फोनमध्ये म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी."

"बघा. मला नाही पटत," आरिफ म्हणाला आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "आता येवढा समुद्र कुठून आननार?"

"सात दिवस आहेत, भाबी."