सुपातले रंग

तांदूळ निवडणारी माणसं आपण रोज पाहतो. हरिभाऊ लेले रंग निवडत. अगदी सुपात घेऊन, ओटीवर पाट मांडून, चष्मा कपाळावर सरकवून. मार्गशीर्ष सरत आला की एके सकाळी ते सूप बाहेर येई आणि आमची ही स्वयंपाकघरातून मला हाक मारी, "अहो, हरिकाका बसले बरं का निवडायला! संक्रांत आली जवळ."

त्या सुपात काय नसे! रंगाच्या वड्या, भुकटीच्या पुड्या, खडूचे तुकडे, शाई सुकलेल्या दौती, गेरू, नीळ, काताचा खडासुद्धा. हरिभाऊ एकेक उचलत, ओल्या कुंचल्यानं कागदाच्या पट्टीवर रेघ ओढत, पट्टी उन्हाकडे धरत आणि मान तिरकी करून म्हणत, "जास्तीचं नको." की तो रंग सुपातून खाली. दुपारपर्यंत खाली ढीग आणि सुपात मूठभर. ते मूठभर रंग एका बारा कप्प्यांच्या लाकडी पेटीत जात आणि त्यांतून हरिभाऊ संक्रांतीची कार्डं रंगवत. एका कार्डाला एकच रंग, कुठे फिका, कुठे गडद.

मी तेव्हा कर्जतला पोस्टमास्तर होतो. लढाईच्या दुसऱ्या वर्षी बदलून आलो आणि तिथेच राहिलो, वरचे लोक बहुधा मला विसरले होते. दहिवलीच्या रस्त्याला घर घेतलं, त्याला लागून हरिभाऊंचं घर. माझा स्वभाव तापट. दिवसभर खिडकीतून "माझी मनीऑर्डर आली का हो?" ऐकणाऱ्या माणसाचा स्वभाव तापटच होतो, त्यात माझा दोष नाही. हरिभाऊ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि थंड गोळा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उभी हयात खालापूरच्या कचेरीत मोजणीखात्यात गेली. गावांचे नकाशे रंगवायचं काम. शेत पिवळं, रस्ता तांबडा, विहीर निळी.

विहीर आमच्या परसात होती. रोज सकाळी हरिभाऊ घागर घेऊन येत, पाणी ओढत आणि पाणी ओढण्यापेक्षा जास्त वेळ बोलत. बोलणं म्हणजे काय, तर काल रात्री उंदीर खुडबुडला, आज वारा डोंगराकडून आहे, असलं. मी दाढी करता करता हूं हूं करायचो. चहा दिला तर अर्धा कप पिऊन उरलेला परत. "जास्तीचं नको हं, वहिनी." साखरेला तेच, लग्नाच्या पंगतीत जिलबीला तेच.

पोस्टात येऊन बसायचा त्यांना नाद होता. लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहून देत आणि लिहिता लिहिता त्यांची कापाकापी करत. एकदा एक म्हातारा त्यांच्यावर चांगलाच उखडला.

"आवं, घरच्या सगळ्यांना आमचा नमस्कार तरी लिवा की!"

"सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही. एकाचं नाव सांगा."

"आन् मग बाकीची मानसं काय मेली?"

"त्यांना वेगळं पत्र घाला."

म्हातारा तणतणत गेला. मी हरिभाऊंना म्हटलं, अहो, माझं गिऱ्हाईक पळवता. तर म्हणाले, "पोस्टमास्तर, नमस्कार वाटून घेता येत नाही."

लढाई लांबली आणि परदेशी रंगाच्या वड्या बाजारातून गायब झाल्या. दुसऱ्या कोणी कार्डांचा नाद सोडला असता. हरिभाऊ पिशवी घेऊन खोपोलीच्या गाडीत बसले आणि शिळफाट्याला जाऊन एका दुकानदारापुढे उभे राहिले. मी त्या दिवशी कामासाठी बरोबर होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या त्यांनी सोडायला लावल्या. प्रत्येकीतली चिमूट घ्यायची, पाण्याचा थेंब टाकायचा आणि धोतराच्या काठावर रेघ ओढायची. दुकानदार पहिल्या पाच पुड्यांना हसला, पुढच्या पाचांना गप्प झाला आणि मग म्हणाला, "रावसायेब, घ्याचं हाय का नाय? का धोतरच रंगवून जातासा?"

हरिभाऊंनी धोतर उन्हात धरून नीट पाहिलं आणि एक पुडी घेतली. एक! परतताना गाडीत सगळे त्यांच्या धोतराकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर.

माझा आणि त्यांचा खरा तंटा व्हायचा तो कार्ड पोस्टात पडल्यावर. पाकिटात कार्डाबरोबर काटेरी हलव्याचे पाच दाणे असत, कापसात गुंडाळलेले. त्या काळी अशी पुष्कळ पाकिटं येत, आणि शिक्का बसला की हलव्याची पूड होई. पण इतर लोक पाकीट टाकून घरी जात. हरिभाऊ खिडकीशी उभे राहून बघत.

"उजव्या कोपऱ्यात हं, पोस्टमास्तर. हलवा डावीकडे आहे. हलक्या हातानं!"

"हरिभाऊ, हे सरकारी काम आहे. हलक्या हातानं शिक्का उमटत नाही."

"उमटतो. मी तीस वर्षं सरकारी शिक्के मारले आहेत."

आणि मला जे कार्ड येई, तेही असंच टपालानं. भिंतीला भिंत लागून घर! सकाळी विहिरीवर भेटलेला माणूस दुपारी माझ्याच खिडकीत माझ्याच नावाचं पाकीट टाकायचा, त्यावर मीच शिक्का मारायचो आणि पोस्टमन बाळू गायकर ते संध्याकाळी माझ्याच घरी आणून द्यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, सकाळी हातात द्यायला काय होतं?"

"हातात दिली ती चिठ्ठी. टपालानं येतं ते पत्र."

माझं कार्ड दर वर्षी निळं. आमच्या हिला गुलाबी आवडतो, तसं सांगूनही पाहिलं. हरिभाऊंनी मान हलवली. "तुम्ही निळेच." मला वाटलं, नकाशातल्या नद्यांचा निळा उरला असेल, तो खपवताहेत. कार्ड मी बघायचो, हलव्याची पूड तोंडात टाकायचो आणि कार्ड खुंटीवरच्या तारेत खोचून द्यायचो. उत्तर पाठवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रोज परसात भेटणाऱ्या माणसाला काय म्हणून पत्र घालायचं?

इकडे पेटीतले रंग वर्षागणिक कमी होत होते. मी आलो तेव्हा बारा कप्पे भरलेले. मग नऊ, मग सात. कमी झालेला रंग हरिभाऊ बाळूला देत आणि बाळू तो आपल्या बैलाच्या शिंगांना लावी.

"मास्तर, म्हाताऱ्यानं यंदा जांभळा बी काढला. डाव्या शिंगाला जरा जागा हाय, तिथं लावतो."

"अरे, पण का काढला?"

"मी इचारलं. म्हनला, आता काम नाय त्याचं."

दहिवलीत एवढ्या रंगांचा बैल दुसरा नव्हता. लोक मुद्दाम बघायला थांबत. मीही हसायचो. म्हणायचो, हरिभाऊ, तुमची पेटी रिकामी होतेय आणि बैल नवरदेव होतोय. तेही हसत. लढाई संपली, बाजारात वड्या पुन्हा दिसू लागल्या, तरी पेटीत भर पडली नाही. मी समजलो, म्हातारपणी चिकटपणा वाढतो माणसाचा.

सातव्या संक्रांतीच्या आधी हरिभाऊंना हिवताप भरला. तीन दिवस विहिरीवर आले नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, आज दाढी वेळेवर होईल. तिसऱ्या दिवशी मला दाढीच करवेना. ही पेजेचं भांडं घेऊन निघाली, तिच्यामागून मी.

हरिभाऊ दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "पोस्टमास्तर, फळीवरची पेटी द्या. संक्रांत परवावर आली. एक कार्ड राहिलंय."

"एकच?"

"एकच आहे यंदा."

पेटी उतरवली. आत एकच वडी होती, निळी, झिजून बोटाच्या नखाएवढी झालेली. बाकीचे अकरा कप्पे रिकामे, आणि रिकाम्या कप्प्यांच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठ्या उघड्या पडलेल्या. नकाशावर नावं घालावीत तसलं बारीक, सुबक अक्षर. गेरूच्या कप्प्यात, 'तात्या, खालापूर. वारले.' जांभळ्याच्या कप्प्यात, 'शिळफाट्याची भाची. तीन संक्रांती उत्तर नाही.' हिरव्याच्या, 'दामू. बदली झाली. पत्ता नाही.' एकेक रंग म्हणजे एकेक माणूस होता. माणूस गेला, की रंग सुपातून खाली.

त्या माणसांचे रंग लावून बाळूचा बैल रोज पोस्टावरून जात होता आणि मी दात काढून हसत होतो.

खरं सांगतो, मला माझी लाज वाटली. कर्जतला येणारं प्रत्येक टपाल माझ्या हाताखालून जात होतं. कोणाकडे कोणाचं पत्र आलं, हे मला जेवढं ठाऊक, तेवढं देवालाही नसेल. आणि हरिभाऊंची पाकिटं जाताना सहा वर्षं मी हलव्यावरून कटकट केली. हरिभाऊंना एकही येत नाही, हे मला एकदाही दिसलं नाही.

निळी वडी काढून द्यायला उचलली, तर तिच्याही खाली चिठ्ठी होती. 'पोस्टमास्तर. विहीर.' त्याखाली सहा उभ्या रेघा, न आलेल्या सहा उत्तरांच्या. तीन रेघांवर भाची गेली होती, दामूचा तर पत्ताच नव्हता. माझ्या सहा रेघांपुढे लिहिलं होतं, 'रोज भेटतात. राहू दे.'

"काय बघताय?" हरिभाऊ म्हणाले. "द्या ती वडी, आणि पाठ फिरवा. तुमचंच कार्ड आहे, आधी बघायचं नाही."

मी पाठ फिरवली. ही भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिचा पदर डोळ्याला.

घरी येऊन मी एक जाड कागद कापला. मला चित्र म्हणून काढता येत नाही. घरात रंग नाही, आणि हरिभाऊंकडे मागायचा तरी कसा? शेवटी पोस्टातली शिक्क्याची काळी शाई थोडी दौतीत घेऊन आलो. ही म्हणाली, "अहो, सणाला काळा?"

"संक्रांतीला तू काय नेसतेस?"

"चंद्रकळा," म्हणाली आणि हसून हलव्याचे पाच दाणे आणून दिले.

वाटी पालथी घालून मी गोल काढला. त्याच्या आत आणखी एक गोल. वरती रहाट काढायला गेलो, तो कोळ्यासारखा झाला. पाकिटावर पत्ता घातला आणि दुसऱ्या दिवशी रीतसर माझ्याच खिडकीतून आत टाकलं. शिक्का मारताना हात असा काही हलका ठेवला की बाळू बघतच राहिला.

"मास्तर, हातात ताकद नाय का आज?"

"गप रे! डावीकडे हलवा आहे."

संक्रांतीच्या दिवशी ताप उतरला होता. बाळू पाकीट घेऊन हरिभाऊंच्या ओटीवर चढला, तेव्हा मी परसात उगीच दोर आवरत उभा होतो. हरिभाऊंनी आधी पाकीट उलटं करून पाहिलं, मग पत्ता पुन्हा वाचला. "माझंच का रे?"

"तुमचंच हाय. नाव वाचा की."

त्यांनी कार्ड काढलं, उन्हाकडे धरलं, मान तिरकी केली. आता "जास्तीचं नको" येतंय, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा.

"पोस्टमास्तर, ही भाकरी का?"

"विहीर आहे."

"आणि वर हा कोळी?"

"रहाट. मला येतं तेवढं काढलं."

त्यांनी कापूस सोडला. हलव्याचे पाचही दाणे अख्खे होते. एक दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "शिक्का उमटलाय बरोबर. मी सांगत नव्हतो?" एवढं म्हणाले आणि कार्ड घेऊन उठले. आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. संध्याकाळी दौत घेऊन आले. म्हणाले, कार्डाला वापरलीत त्यातली थोडी शाई द्या.

पुढच्या मार्गशीर्षात सूप पुन्हा ओटीवर आलं. सुपात दोनच रंग, नखाएवढा निळा आणि दौतीच्या तळाशी सुकलेला काळा. तेवढ्यासाठी हरिभाऊंनी अख्खी सकाळ घालवली. दोन्ही कितीदा पट्टीवर ओढले, कितीदा उन्हात धरले. मला राहवेना. कुंपणाशी जाऊन विचारलं, "हरिभाऊ, निळा माझा. हा काळा कोणाचा?"

"हा माझा," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला नव्हता."

आणि दोन्ही रंग त्यांनी पेटीत शेजारी शेजारी ठेवले.