दोन्ही बाजूंतून वजा

दुपारी सलूनमधला पंखा इतका संथ फिरत होता, की त्याची पाती मोजता आली असती. आरशासमोरच्या खुर्चीत गणिताचे सर चष्मा काढून, मान मागे टाकून बसले होते. कोमट पाण्याने केस धुतल्यावर त्यांचे डोळे आपोआप मिटले होते. सलूनवाली एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी. दहावीला गणितात गचकली आणि वडिलांच्या सलूनमध्ये कात्री धरून उभी राहिली, ती आजतागायत. आता केशरचनेच्या वर्गात शिकवायला तिला बोलावत होते, पण दहावी पास असल्याशिवाय घेत नव्हते. म्हणून ती पुन्हा परीक्षेला बसली होती. उद्या गणिताचा पेपर होता.

"सर, समीकरण एकदा समजावून सांगता का? हात चालूच ठेवते."

"सांगतो. पण थोडेच काप हं. इथून समोरच्या कॅफेत जायचंय. एक बाई भेटायला यायच्यात." सरांचे कान किंचित लाल झाले. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी लग्नाचं मनावर घेतलं होतं. "त्यांना पाठवलेल्या फोटोत केस कानांवर आहेत. तेवढे राहू देत."

"राहतील की."

"मग ऐक. पाच क्ष अधिक तीन बरोबर तीन क्ष अधिक अकरा. या बाजूचं जे काढशील, तेच त्या बाजूचंही काढायचं. एवढं विसरलीस की संपलं."

पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं. सरांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. आरशातलं त्यांचं नाक तिला हळूहळू बरोबरच्या चिन्हासारखं दिसू लागलं. डावीकडे पाच क्ष, उजवीकडे तीन.

"दोन्ही बाजूंतून तीन वजा."

कात्री डावीकडे चालली, मग उजवीकडे.

"पाच क्ष बरोबर तीन क्ष अधिक आठ," ती पुटपुटली.

"छान. आता दोन्हीकडून तीन क्ष."

तीन क्ष म्हणजे बरेच निघाले. करड्या बटा तरंगत खाली उतरल्या. शाळेत हे कधी इतकं सोपं वाटलंच नव्हतं.

"दोन क्ष बरोबर आठ."

"दोन्ही बाजूंना दोनने भाग."

तिने भागलं. "क्ष बरोबर चार," ती म्हणाली.

"आता ताळा. क्षच्या जागी चार घाल."

"इकडे पाच चोक वीस आणि तीन, तेवीस. तिकडे तीन चोक बारा आणि अकरा, तेवीस. सर, दोन्ही बाजू अगदी सारख्या."

मग तिने आरशात नीट पाहिलं. दोन्ही बाजू खरंच सारख्या होत्या. केस कानांवर असणं तर सोडाच, सरांचे कान एवढे मोठे आहेत हे तिला आजच कळत होतं.

सरांनी चष्मा चढवला. वाकून आरशात पाहिलं.

"ताळा बरोबर आहे," ते म्हणाले.

"सर, चुकलं माझं." तिला रडू येईना आणि हसू आवरेना. "पण घाबरू नका. तुम्ही त्यांना आवडाल किंवा नाही आवडणार. शक्यता दोनच. म्हणजे संभाव्यता एक छेद दोन. हो ना?"

सर दारापर्यंत गेले. एक छेद दोन. आजच्या दिवसात त्यांच्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. ते उत्तर खिशात घालून निघून जाणं सहज जमलं असतं. पण उद्या हिचा पेपर होता. ते परत फिरले.

"तो कंगवा खाली टाक. आडवा पडेल किंवा दातांवर उभा राहील. शक्यता दोनच ना?"

तिने टाकला. आडवा पडला. पुन्हा टाकला, पुन्हा आडवाच.

"दोन्ही शक्यता सारख्या असतील तरच अर्धं म्हणायचं. नाहीतर गुण गेले."

"मग तुमची किती, सर?"

सरांनी आरशात एकदा या कानाकडे, एकदा त्या कानाकडे पाहिलं. "अशा वेळी प्रयोग करूनच बघावं लागतं," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

ती काचेला नाक लावून उभी राहिली. कॅफेत एक बाई रस्त्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. सर समोर जाऊन उभे राहिले, तरी त्या त्यांच्या खांद्यावरून पलीकडे फोटोतल्या माणसाला शोधत होत्या. सर काहीतरी म्हणाले. बाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग तोंडावर हात धरून त्या हसल्या, खूप वेळ हसल्या. आणि समोरच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स त्यांनी उचलून मांडीवर घेतली.